हरिश्चंद्राच्या घरचा जमाखर्च

आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, रात्रीची जेवणे आटोपली की आई एक जुना पत्र्याचा डबा घेऊन बसते. डब्यात वाण्याची चिठ्ठी, विजेचे बिल, दुधाचा हिशेब आणि पतसंस्थेचे पासबुक असते. वडिलांचे सातपूरला वेल्डिंगचे छोटे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी दुकानासाठी त्यांनी कर्ज काढले. पुढे कामे कमी झाली, हप्ते थकले आणि आईच्या चार बांगड्या व एक गोफ तारण गेला. ते कर्ज फेडायला आम्हाला साडेतीन वर्षे लागली. आईने फॉल-पिकोचे काम धरले, वडिलांनी बाहेरचा चहा सोडला, दोन दिवाळ्या आम्ही नव्या कपड्यांवाचून काढल्या. गेल्या मार्गशीर्षात शेवटचा हप्ता भरला आणि दागिने घरी आले.

दागिने घरी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच वडिलांनी मोठ्या मशीनचा विषय काढला. पुन्हा कर्ज आणि पुन्हा तारण. आई काहीच बोलली नाही. मी मात्र वडिलांच्या बाजूने होते. धाडस केल्यावाचून माणूस पुढे जात नाही, असे माझे मत होते. नेमके त्याच सुमारास मराठी विभागाच्या भित्तिपत्रकासाठी आपल्या जिल्ह्यातील एका थोर व्यक्तीवर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले. आपल्या बाजूला एक भक्कम साक्षीदार मिळेल, हा त्यात थोडा स्वार्थही होता. साक्षीदार मिळाला, पण त्याची साक्ष मला वाटली होती तशी निघाली नाही.

नाशिककरांना दादासाहेबांची ओळख करून देण्याची गरज नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि चित्रपटक्षेत्रातील देशातला सर्वोच्च पुरस्कार १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. मी येथे त्यांच्या आयुष्याकडे जरा निराळ्या बाजूने, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातून पाहणार आहे. त्या घरात कर्ज कसे आले, कसे फिटले आणि फिटल्यावर पुढे काय झाले, एवढाच माझा विषय आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुंबईला विल्सन कॉलेजात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि कुटुंब तिकडे गेले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, छपाई, जादूचे प्रयोग, यांतील जे जे नवे दिसेल ते ते शिकून घेण्याचा त्यांना ध्यासच होता. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. मांडलेला संसार एका फटक्यात मोडला.

१९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. करंदीकरांच्या गिरिजेचे सासरी सरस्वती असे नाव झाले. माझ्या या लेखातील अर्धा भाग या सरस्वतीबाईंचा आहे. त्यांचे नाव आपल्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच येते, म्हणून ते मी आधीच सांगून ठेवते.

लग्नानंतर फाळक्यांना पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. त्या काळी सरकारी नोकरी म्हणजे जन्माची ददात मिटली. पण वंगभंगाच्या चळवळीचे आणि स्वदेशीचे वारे वाहू लागले तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि छपाईचा व्यवसाय सुरू केला. लोणावळ्याला सुरू झालेला हा कारखाना पुढे दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपाला आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीलाही जाऊन आले. मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि आपण उभा केलेला कारखाना सोडून ते रिकाम्या हाताने घरी आले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते, पदरी मुले होती आणि मिळकत शून्य होती.

याच रिकाम्या दिवसांत, १९११ साली, गिरगावातील एका तंबूत त्यांनी चित्रपट पाहिला. पहिल्या दिवशी मोठा मुलगा भालचंद्र बरोबर होता. दुसऱ्या दिवशी ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले, तेव्हा पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र होते. ते पाहताना आपल्या राम-कृष्णांची चित्रे अशीच पडद्यावर हलताना दिसली पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. मग मिळेल तो चित्रपट पाहायचा, घरी येऊन छोट्या कॅमेऱ्याशी आणि फितीच्या तुकड्यांशी रात्र रात्र झगडायचे, असा क्रम सुरू झाला. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी आणि नाना चष्म्यांनी ती परत आली, तेव्हा पहिला विचार विलायतेला जाण्याचा होता.

पण पैसा कोठून आणायचा? घरात विकण्याजोगे सामान विकून झाले होते. राहिली होती ती आयुष्याच्या विम्याची पॉलिसी. १२,००० रुपयांची ही पॉलिसी तारण ठेवून त्यांनी १०,००० रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले.

येथे मी वाचता वाचता थांबले. घर, शेत, दागिने यांवर कर्ज काढणे एक आणि विम्यावर कर्ज काढणे वेगळे. विमा हा मुळात विमा उतरवणाऱ्यासाठी नसतो. तो नसताना त्याच्या माघारी बायकामुलांच्या ताटात भाकरी पडावी, यासाठी तो असतो. म्हणजे त्या दिवशी तारण गेले ते खरे पाहता सरस्वतीबाईंचे आणि मुलांचे उद्याचे जेवण होते. सरस्वतीबाईंनी याला विरोध केला नाही. उलट नवऱ्याच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. नातेवाईक आणि शेजारी मात्र त्यांना वेड्यात काढत होते.

लंडनमध्ये फाळके दोन आठवडे राहिले. बायोस्कोप साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या ओळखीने त्यांनी सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहिला, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलच्या आरंभी ते परत आले. भांडवलदारांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण करून, अंकुरातून वेल कसा वर येतो हे मिनिटभरात पडद्यावर दाखवले. यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे द्यायचे कबूल केले. पण तेवढ्याने भागले नाही, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

विषय होता राजा हरिश्चंद्राचा. मला हा योगायोग फार बोलका वाटतो. हरिश्चंद्राची कथा ही देण्याची कथा आहे. विश्वामित्राला कबूल केलेली दक्षिणा फेडण्यासाठी राजा राज्य देऊन रिकामा झाल्यावर पत्नीला आणि मुलाला विकतो, आणि शेवटी स्वतःलाही विकतो. पडद्यावर तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले, कारण त्या काळी स्त्री मिळेना. साळुंके एका उपाहारगृहात १० रुपयांवर स्वयंपाकी होते. फाळक्यांनी त्यांना १५ रुपये पगार दिला. रोहिदासाचे काम भालचंद्राने केले. म्हणजे मुलगा घरचाच होता, आणि दागिने उतरवून दिलेली तारामती पडद्यामागे स्वयंपाकघरात होती.

या चित्रपटाचा कारखाना दादरच्या राहत्या घरीच होता. सिनेमात काम करणे म्हणजे बदलौकिक, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे नटांनी बाहेर सांगावे, अशी तोड काढली होती. साठ-सत्तर माणसांच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था सरस्वतीबाई पाहत. दिवसा चित्रण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून त्या नटांच्या तोंडावर उजेड पाडीत. त्या वेळी येणाऱ्या कोऱ्या फितीला कडेची भोके नसत. ती अंधारात बसून एकेक पाडावी लागत. रात्री मुले झोपल्यावर त्या हे काम करीत. फीत धुण्याची रसायने मिसळणे, फितीचे तुकडे जोडणे हेही त्या शिकल्या. दादासाहेब स्वतः लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रकार, नेपथ्यकार आणि रंगभूषाकार होते. एवढ्या माणसांची कामे घरातल्या दोघांनी केली, तेव्हा कुठे थोडक्या पैशांत सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट सात महिन्यांच्या आत पुरा झाला.

आपण काटकसर म्हणतो तेव्हा बहुधा कमी खर्च करणे एवढेच डोळ्यांपुढे आणतो. फाळक्यांच्या घरची काटकसर त्याहून निराळी होती. ज्या कामाला बाहेर पैसे मोजावे लागले असते, ते काम घरातल्या बाईने झोप मोडून केले आणि त्याचा पगार कोणत्याही वहीत पडला नाही. नाडकर्णींनी दिलेला पैसा हे जसे भांडवल, तसेच हेही भांडवलच होते.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याने गर्दी खेचली. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. गोदावरीचे घाट, देवळे, डोंगर, मोकळे रान आणि जन्मगाव त्र्यंबक जवळ. पौराणिक चित्रपटांना याहून चांगली जागा कोणती असणार? येथे ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट तयार झाले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रियांनी कामे केली. तिन्ही चित्रपट चालले आणि फाळक्यांनी सारे कर्ज फेडले.

कर्ज फिटले, ही ओळ वाचली तेव्हा मला आमच्या घरातला मार्गशीर्ष आठवला. पुढच्या पानावर काय असेल, हे मला न वाचताच कळल्यासारखे झाले.

पुढच्या पानावर १९१४ साल होते. फाळके आपले तिन्ही चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले. तेथेच राहून चित्रपट काढावेत म्हणून हेपवर्थ यांनी त्यांच्यापुढे भरघोस मानधनाचा प्रस्ताव ठेवला. आपल्या देशातच हा धंदा उभा राहिला पाहिजे, म्हणून त्यांनी तो नाकारला आणि स्टुडिओसाठी मोठ्या किमतीची नवी यंत्रे उधारीवर ठरवली. तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. भांडवलदारांनी हात आखडता घेतला. यंत्रांचे पैसे भागेनात, फीत मिळेना, पगार थकले. फाळके संस्थानिकांच्या दारी मदतीसाठी फिरले. केसरीतून जनतेला आवाहन झाले. लोकमान्य टिळकांनीही त्यांच्या कामाला भांडवल मिळावे म्हणून प्रयत्न केला. घर पुन्हा होते तेथे आले.

या अडचणीतूनही माणूस उठला, हे त्यांचे मोठेपण. १९१७ साली ‘लंका दहन’ पडद्यावर आला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. चित्रपटाने पैशाचा पाऊस पाडला. तिकिटविक्रीची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून नेली, अशा कथा त्याविषयी सांगितल्या जातात. पुन्हा देणी भागली.

आता हिशेबाच्या दृष्टीने हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. दोनदा कर्ज झाले आणि दोनदा फिटले. फाळके ऋण बुडवणारे नव्हते. ऐषआरामात पैसा घालवणारेही नव्हते. मिळालेला प्रत्येक पैसा पुढच्या चित्रपटात, पुढच्या यंत्रात गेला. घरखर्चाची थैली आणि कारखान्याची थैली एकच होती. कारखान्याला तोटा आला की घर उपाशी राही, आणि नफा झाला की तो घराच्या उंबऱ्याशी न थांबता परत कारखान्यात जाई. बाजारात कोणाचे देणे राहिले नाही. घराचे देणे मात्र कोणी मोजलेच नाही, कारण सरस्वतीबाई मागायला येणाऱ्या सावकार नव्हत्या.

१ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांनी भांडवल घातले आणि फाळके काम करणारे भागीदार झाले. येथून खरे तर स्वास्थ्य मिळायला हवे होते. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट गाजले. कृष्णाचे काम त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केले. आजही त्या मुलीचे बोलके डोळे चित्रपटाच्या इतिहासात आदराने पाहिले जातात. पण भागीदारांना खर्चाची शिस्त हवी होती आणि फाळक्यांना कलावंताचे स्वातंत्र्य. दोघांचेही काही अंशी खरे असावे. फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते नाशिकला त्याच कंपनीत परतले आणि मग बराच काळ पगारावर चित्रपट काढीत राहिले. पूर्वी स्वतःचा कारखाना असलेल्या माणसाने त्याच गावात नोकरी करायची, हे सोपे नसते.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूक म्हणून तयार झाला आणि पुढे त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी काढलेला ‘गंगावतरण’ १९३७ साली आला. तो त्यांचा एकमेव मुळातला बोलपट आणि शेवटचा चित्रपट. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. नव्वदांहून अधिक चित्रपट काढलेला हा माणूस त्यानंतर नाशकात येऊन राहिला तो ओढगस्तीतच. भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने त्यांना निधी देण्यात आला आणि त्यातून नाशकात डोके टेकण्यापुरते घर झाले. चित्रपटाने देशात शेकडो लोकांचे वाडे उभे केले. ज्याने तो आणला त्याचे छप्पर मात्र वर्गणीतून झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांचा अंत झाला. त्यांची अखेर फारशा कोणाच्या ध्यानातही आली नाही.

भित्तिपत्रकासाठी मी जो मजकूर लिहिला, त्यात धाडस, ध्येयनिष्ठा आणि स्वदेशी हे सारे होते. ते खोटे नव्हते. तरी लिहून झाल्यावर मला चैन पडेना. सरस्वतीबाईंनी दागिने दिले नसते तर ‘राजा हरिश्चंद्र’ झाला नसता, हे अगदी खरे. म्हणून सुरक्षितपणाच थोर आणि धाडस वाईट, असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पहिल्या खेपेला विमा आणि दागिने पणाला लावल्यावाचून गत्यंतरच नव्हते. माझा प्रश्न ‘लंका दहन’नंतरच्या दिवसांविषयी आहे. कर्ज फिटले, हातात पैसा आला, तेव्हा त्यातले पहिले चार पैसे कोणाचे? पुढच्या यंत्राचे, की ज्या घराने उपाशी राहून ते मिळवू दिले, त्या घराचे?

काटकसरीने कर्ज फिटते, हे मी आमच्या घरी पाहिले. काटकसरीने आपोआप स्वास्थ्य येते, ही माझी समजूत मात्र या चरित्राने काढून टाकली. कर्ज फिटणे म्हणजे खड्डा बुजणे. त्यावर भिंत उभी राहायची तर शिल्लक पडणारा पैसा कोठेतरी थांबावा लागतो, आणि तो कोठे थांबावा हे ठरवण्याचा अधिकार, ज्यांनी पोटाला चिमटा घेतला त्यांनाही असावा लागतो. फाळक्यांच्या घरी बचत करणारा हात एकाचा होता आणि खर्चाचा निर्णय घेणारा दुसऱ्याचा. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते, विश्वास होता, तरीही अखेर जे व्हायचे ते झाले.

पौष महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे आमच्या घरच्या हिशेबाच्या रात्री, मी लिहिलेला मजकूर वडिलांना वाचायला दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. विम्याच्या मजकुरावर ते थोडे थांबले असे मला वाटले. कदाचित तो माझा भास असेल. कागद त्यांनी आईच्या हातात दिला आणि तिचे काय म्हणणे आहे ते विचारले. माझ्या आठवणीत, पैशाच्या बाबतीत तिला असे प्रथमच विचारले गेले.

आईने मशीनला नाही म्हटले नाही. तिने दोन अटी घातल्या. घराचा सहा महिन्यांचा खर्च आधी तिच्या नावावर बाजूला पडेल आणि त्याला दुकानासाठी कोणी हात लावणार नाही. आणि वडिलांचा विमा तारण जाणार नाही. बांगड्यांचे तिला काही वाटत नव्हते. त्या पुन्हा गेल्या तरी चालतील, असे तिचे म्हणणे पडले. वडिलांनी बराच वेळ आकडेमोड केली. नव्या मशीनऐवजी जुने चांगले मशीन पाहायचे आणि तेही येत्या दिवाळीनंतर, असे शेवटी ठरले. त्याने दुकान किती वाढेल, हे मला सांगता येणार नाही. एवढे सांगता येईल की आता दर पहिल्या तारखेला पत्र्याच्या डब्यात एक पासबुक जास्त असते आणि ते आईच्या नावाचे आहे.

परवा मैत्रिणींबरोबर पांडवलेण्यांकडे गेले होते, तेव्हा वाटेत फाळके स्मारकापाशी थोडा वेळ थांबले. जनक म्हणून दादासाहेबांना वंदन करताना, अंधारात बसून फितीला एकेक भोक पाडणाऱ्या सरस्वतीबाईंनाही मी मनोमन हात जोडले. आपल्या प्रत्येकाच्या घरी असे कोणीतरी बसलेले असते. त्यांच्या नावे जमेच्या बाजूला काय लिहिले आहे, ते एकदा वही उघडून पाहावे, एवढेच मला माझ्या वाचक मित्र-मैत्रिणींना सुचवायचे आहे.